इंग्रजीत मांडवी नदीला 'द' (the) लागतो, चोडण बेटाला लागत नाही. का?

फोंडेकार
पणजीत एका हॉटेलात रिसेप्शनवर आहे. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी, म्हणजे आपल्याकडे बऱ्याच जणांचं असतं तसंच. बोलताना अडत नाही. अडतं ते इंग्रजी लिहिताना. पाहुण्यांना जाणाऱ्या मेलवरून मॅनेजर आधी नजर फिरवतो आणि दरवेळी एखाद-दुसरा 'द' घालतो, एखादा काढतो. का म्हणून विचारलं की उत्तर एकच: "कानाला बरं वाटतं."

कालचा मेल घ्या. त्याने 'द हॉटेल इज निअर द मांडवी' असं केलं. पुढे 'टेक द फेरी फ्रॉम रायबंदर टू चोडण' यात फेरीला 'द' ठेवला, चोडणचा काढला. शेवटी 'वी रेंट स्कूटर्स', तिथे काहीच नाही. शाळेत शिकलो ते असं की पहिला उल्लेख 'अ', दुसरा 'द'. पण मेलमध्ये हॉटेलही पहिल्यांदाच आलं आणि मांडवीही. मग? ग्रामरच्या पुस्तकांची नावं नकोत, ती घरी पडून आहेत.

डिचोलीचे मास्तर (निवृत्त)
पहिला-दुसरा उल्लेख हा नियम गोष्ट सांगायला ठीक. एक होता राजा, त्या राजाला दोन राण्या. पत्र लिहिताना प्रश्न वेगळा विचारायचा: कुठलं ते वाचणाऱ्याला कळतंय का? तुझ्या पाहुण्याने ज्या हॉटेलात खोली घेतली तेच हॉटेल, दुसरं कुठलं असणार? म्हणून पहिल्याच वाक्यात 'द हॉटेल'. 'आय वेंट टू अ वेडिंग' म्हटल्यावर पुढच्या वाक्यात थेट 'द ब्राइड' येते, आधी तिचं नाव काढलेलं नसलं तरी. लग्न म्हटलं की नवरी आलीच, आणि ती एकच. मांडवातला कोणी पाहुणा भेटला तर मात्र 'अ गेस्ट'. स्कूटर्स तर कुठल्याही आणि अनेक, म्हणून तिथे कोरं.

आता जरा लांबण लावतो, कारण आपल्या भाषेत आर्टिकल, म्हणजे 'अ', 'ॲन', 'द' असे शब्द, नाहीत म्हणून आपल्याला हे जमत नाही, हे रडगाणं मला मुळीच पटत नाही. ही दोन वाक्यं बघ:

मी डॉक्टर शोधतोय.
मी डॉक्टरांना शोधतोय.

पहिल्यात कोणीही चालेल, ताप उतरल्याशी कारण. दुसऱ्यात ठरलेले डॉक्टर आहेत, आत्ता इथे होते, कुठे गेले? इंग्रजीत पहिलं 'अ डॉक्टर', दुसरं 'द डॉक्टर'. आणखी बघ: 'दारात गाय उभी आहे' आणि 'गाय दारात उभी आहे'. पहिली कोणाची तरी, हाकलून दे. दुसरी आपली, तिची वेळ झाली. शब्द तेच, जागा बदलली. म्हणजे ओळखीचं आणि बिनओळखीचं हा भेद आपण शाळेत जायच्या आधीपासून करतो. आपण तो 'ला'-'ना' लावून आणि शब्द मागेपुढे करून दाखवतो, इंग्रज त्यासाठी वेगळा शब्द वापरतात. मेल लिहिण्याआधी वाक्य मराठीत म्हणून बघ. 'त्या', 'ठरलेला', 'आपला' असं काही मनात आलं तर 'द' घाल.

विशेषनामांना ही युक्ती चालत नाही, ती घोकायचीच. नद्या, समुद्र, डोंगररांगा यांना लागतो: द मांडवी, द झुआरी, दि अरेबियन सी, द वेस्टर्न घाट्स. गाव, एकटं बेट, तळं, बीच यांना नाही: पणजी, चोडण, मये लेक, मिरामार बीच. नावात 'ऑफ' आला की बहुतेकदा 'द' येतो, म्हणून 'द बॅसिलिका ऑफ बॉम जेझस', पण नुसतं 'गोवा युनिव्हर्सिटी'.

म्हापशेकन्न
सरांनी 'अ' आणि 'ॲन' सोडलं. त्याला सोपा उपाय: शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन'. 'अवर' अ-ने सुरू, म्हणून ॲन अवर, स्पेलिंगमध्ये एच असला तरी. 'युरोपियन' य-ने, म्हणून अ युरोपियन. 'एमएलए' ए-ने, म्हणून ॲन एमएलए. रोमन लिपी फसवते, आपली फसवत नाही. 'द' की 'दि' म्हणायचं तेही यावरूनच कळतं.

आणि 'ॲन इन्फर्मेशन', 'ॲन ॲडव्हाइस' लिहू नका हो. ही मोजायची नामं नव्हेत. आमच्या ऑफिसात रोज दिसतं.

रायबंदरचो
इंग्रजीत एकच 'द' आहे म्हणून नशीब समजा. आमची आजी पोर्तुगीज शिकलेली. तिथे पुल्लिंगी 'ओ', स्त्रीलिंगी 'आ', अनेकवचनी आणखी दोन. 'ओ एराल्दो' पेपर १९०० मध्ये पोर्तुगीजमधून सुरू झाला, १९८३ मध्ये इंग्रजी झाला, पण नावातला 'ओ' राहिला. तो आर्टिकलच. पोर्तुगालमध्ये बोलताना माणसांच्या नावांनाही लावतात, 'आ मारिया' असं. गोव्याला मात्र नाही लावत. विषयाशी संबंध कमी, पण राहवलं नाही.

फोंडेकार
सर, डॉक्टरांचं उदाहरण एकदम डोक्यात बसलं. एक शंका उरली. त्याच मेलमध्ये मॅनेजरने खाली 'यू कॅन ऑल्सो गो बाय फेरी' लिहिलंय. वर 'द फेरी', खाली कोरं?

डिचोलीचे मास्तर (निवृत्त)
दोन्ही बरोबर. 'टेक द फेरी' म्हणजे तिथली ती फेरीसेवा. 'बाय फेरी' म्हणजे जाण्याची तऱ्हा, जसं बाय बस, बाय ट्रेन. तिथे कुठलीच एक बोट मनात नसते. 'गो टू स्कूल'चंही तसंच: मूल शिकायला जातं तेव्हा कोरं, आई फी भरायला त्या इमारतीत जाते तेव्हा 'टू द स्कूल'. पाहुणा आजारी पडला तर ब्रिटिश 'इन हॉस्पिटल' लिहितील, अमेरिकन 'इन द हॉस्पिटल'. तिथे मॅनेजरने काही खोडलं तर त्याच्याशी वाद घालू नकोस, फक्त एका मेलमध्ये दोन्ही तऱ्हा येऊ देऊ नकोस.