पणजीची गोधडी (घरच्या ग्रुपवरून)

धाकटी वहिनी: माळ्यावरच्या ट्रंकेत पणजीची गोधडी सापडली! कुबट वास येतोय. उद्या मशीनला लावते, मग हॉलच्या भिंतीवर लावू.

ताई: थांब गं, मशीनला नको! आधी फोटो टाक. पुढून, मागून, फाटलंय तिथे अगदी जवळून.

धाकटी वहिनी: ४ फोटो टाकलेत बघ.

दादा: तपकिरी ठिगळांचाच तेवढा भुगा झालाय. उंदरांनी कुरतडलं का?

ताई: उंदीर नाही रे. पूर्वी काळा-तपकिरी रंग पक्का बसावा म्हणून त्यात लोहाचे क्षार घालत. तेच लोह वर्षानुवर्षं सूत पोखरतं. म्हणून शेजारचं लाल ठिगळ धड आणि तपकिरी मात्र, हात लावला की गळतं. अशी गोधडी भिजवली तर पाण्याने जड होते, उचलताना स्वतःच्याच वजनाने उसवते. शिवाय लाल रंग पांढऱ्यात उतरला तर काढता येणार नाही.

धाकटी वहिनी: बाई गं! मग वासाचं काय करू?

ताई: सावलीत, वारा खेळेल अशा खोलीत चादरीवर पसरून ठेव दोन-तीन दिवस. कीड दिसली तर आधी वेगळी ठेव आणि मला कळव. नाही दिसली तर वर नायलॉनची जाळी धरून व्हॅक्यूम फिरव, ओढ सगळ्यात कमी ठेवून. घासायचं नाही.

आत्या: फाटकी ठिगळं काढून मी नवी लावून देते की. हात चालतो अजून माझा.

ताई: आत्या, हात तुझाच हवाय. पण जुनं काहीच काढायचं नाही. त्या ठिगळावर त्याच रंगाची तलम नेट (जाळीचं कापड) ठेव आणि कडेच्या धड कापडाला टाके घालून बसव. दोरा सुती आणि बारीक घे. दोरा कापडाहून दणकट असला की ताण आल्यावर कापडच फाटतं. डिंक किंवा इस्त्रीने चिकटणारं अस्तर तर मुळीच नको.

आत्या: उजव्या कोपऱ्यातले टाके पाहिलेस? एकदम मोठे आणि वाकडे. पणजीला तेव्हा दिसेनासं झालं होतं. मी ते नीट करणार होते. आता राहू देते.

ताई: राहू दे आत्या. मला तोच कोपरा सगळ्यात आवडतो.

दादा: भिंतीवर खिळ्यांना अडकवू ना?

ताई: नको, सगळा भार दोन-चार ठिकाणीच येतो. टांगायचीच तर मागे वरच्या कडेला १० सेंमी रुंद सुती नळी पूर्ण रुंदीभर शिवून त्यात काठी घालतात. पण ही इतकी विरलीय की टांगूच नये असं मला वाटतं. आतल्या खोलीतल्या रिकाम्या पलंगावर पसरू, पडदा ओढून. संग्रहालयात जुन्या कापडांवर प्रकाश अगदी मंद, साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) ठेवतात, कारण उडालेला रंग परत येत नाही. तीन महिने बाहेर ठेवू, मग मलमलीत गुंडाळू. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, ओल कोंडते. घडीही नको, घडीवरच चिरते.

धाकटी वहिनी: पलंगच बरा. कुणी बसणार नाही हे मी बघते. कोणी शिवली ते लिहून ठेवू या का?

ताई: हो, सुती पट्टीवर लिहून मागच्या अस्तराला हलकेच टाचू.

आत्या: ते मी सांगते, कुठलं ठिगळ कुणाच्या कपड्याचं तेही. शनिवारी येते. नेट तेवढी आणून ठेवा, सुया माझ्याकडे आहेत.