गृहभेटीच्या अहवालात दिसलं ते सगळंच लिहायचं का?

दर्याकाठची_बाय:
बालसंगोपन योजनेच्या (आईबापांचा आधार नसलेल्या मुलांना घरीच सांभाळायला सरकारची महिन्याची मदत) गृहभेटी करते, देवगड बाजूला. कंत्राटावर, सहावं वर्ष. गेल्या आठवड्यात एका घरी गेले तर कुलूप. शेजारीण म्हणाली, शेडवर बघा. सकाळचे पावणेसात. व्यापाऱ्याच्या शेडवर आजी सुंगटं (कोळंबी) सोलत बसलेली आणि बाजूला सातवीतली नात, बर्फाच्या पाण्याने बोटं पांढरीफटक. शाळा अकराची, हजेरी चांगली आहे (बाईंना विचारून घेतलं). बाप नाही, आई मुंबईत घरकाम करते. योजनेचे महिन्याचे २२५० रुपये पाच महिने थकलेत. आजी एवढंच म्हणाली, "बाय, ह्या लिवू नको गो, नातीक नेतले."

मी शेरा मारला: "आजीसोबत भेटली, तब्येत बरी." खोटं काहीच नाही. पण जिओटॅग फोटोत (भेटीची जागा नोंदवणारा फोटो) मागची सुंगटांची टोपली दिसली आणि वरिष्ठांचा मेमो आला, माहिती दडवली म्हणून. एरवी ह्यांना फक्त भेटींचा आकडा हवा असतो. माझं चुकलं का?

जुना_परिवीक्षा_अधिकारी:
चुकलं. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर हातभार लावायला कायद्यात सूट आहे, पण व्यापाऱ्याच्या शेडवर किलोमागे पैसे घेऊन सोलायला १४ वर्षांखालच्या मुलांना नाही. २०१६ ची दुरुस्ती वाचा. पुढे काय करायचं ते तुमच्या तारतम्यावर. काय दिसलं ते लिहिण्यात तारतम्य आणू नका. आणि बाल कल्याण समितीपुढे (मूल कुठे राहणार ते ठरवणारी) गेलं की थेट बालगृह, हे आजीच्या डोक्यात कोणी भरवलं? समिती मूल घरच्यांकडेच ठेवू शकते.

तालुका_टेबल:
मेमो काढणाऱ्याच्या खुर्चीत मी बसतो, म्हणून सांगतो. रकाना दोन ओळींचा दिला की माणूस दोन ओळीच लिहितो, त्यात अर्धी चूक आमची. मी आमच्या ताईंना म्हणतो, कोरा कागद जोडा, आणि असं काही दिसलं तर अहवाल भरण्याआधी मला फोन करा. मग निर्णय दोघांचा होतो, उद्या बोलणी खायची तर दोघं खाऊ. थकलेले पाच हप्ते त्याच कागदावर महिन्यांसकट लिहा. पोर शेडवर का बसते ते वरच्यांना त्याच पानावर दिसू दे.

सड्यावरचा:
टोपली बाजूला सारून फोटो काढायचा होतात 😀

दर्याकाठची_बाय:
सड्यावरचा, धन्य आहात.
टेबलवाले दादा, फोन केला होता हो. साहेब बैठकीत होते. तिसऱ्यांदा केला नाही, तेवढं माझं.
काका, टोचलं, पण पटलं. पुरवणी अहवाल लिहायला घेतलाय. देण्याआधी उद्या शेडवर जाऊन आजीला वाचून दाखवणार आहे, शब्द न् शब्द. गेल्या वेळी निघताना तिने मूठभर सुंगटं पिशवीत घातली होती. उद्या बस म्हणेल असं वाटत नाही.