मदत हवी आहे: लहरी जेसनला (JSON) गो (Go) या प्रोग्रॅमिंग भाषेत कसं आवरायचं?

मंडळी नमस्कार. मी महापेला एका छोट्या कंपनीत आहे. मालवाहतुकीच्या एका एपीआयसाठी (दुसऱ्याच्या सिस्टिमशी प्रोग्रॅममधून बोलायची सोय) गोमध्ये क्लायंट लायब्ररी, म्हणजे आपल्या बाजूचा कोड, लिहितोय. पलीकडून येणाऱ्या जेसनचा, म्हणजे डेटा पाठवायच्या मजकुराचा, काही नेम नाही. वजन कधी साधा आकडा, कधी तोच अवतरणचिन्हांत, आणि वजन केलंच नसेल तर चक्क रिकामी स्ट्रिंग. पार्सल एक असेल तर ऑब्जेक्ट, दोन झाली की अ‍ॅरे (यादी)!

सुरुवातीला आळस केला, सगळं सरळ मॅपमध्ये (नाव आणि मूल्याच्या जोड्यांत, टाइप न सांगता) ओतलं. परवा ऐरोलीच्या गोदामातून फोन, "साहेब, ही बिल्टी सापडत नाहीये." बघतो तर १७ आकडी नंबरात शेवटी ७ हवा तिथे ८. टाइप सांगितला नाही तर गो प्रत्येक आकड्याचा फ्लोट६४ (६४ बिटांचा दशांश आकडा) करतं आणि ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे सगळे पूर्णांक त्यात मावत नाहीत. डिकोडरला (जेसन वाचणाऱ्या भागाला) यूजनंबर हा पर्याय लावला, आकडा जसाच्या तसा राहिला, ते मिटलं.

आता खरी अडचण. स्ट्रक्ट (आधीच ठरवलेल्या फील्डांचे टाइप) वापरले की माझ्या ओळखीची नसलेली फील्ड डिकोड होताना गुपचूप गळतात. तोच रेकॉर्ड दुरुस्त करून परत पाठवला की समोरून नकार येतो. अनोळखी फील्ड रॉमेसेजच्या (न उलगडलेल्या कच्च्या जेसनच्या) मॅपमध्ये जपून, एन्कोड करताना पुन्हा मिसळावीत का? की प्रत्येक टाइपला स्वतःचं अनमार्शलजेसन (जेसन वाचायचं फंक्शन) लिहायचं? असे चाळीसेक टाइप आहेत, हात दुखतील. कोणी हे निस्तरलंय का?