मदत हवी आहे: मोबाइलच्या आधीचे खुणेचे शब्द, खान्देशातले

आमच्या जळगावच्या छोट्या गटासाठी एक भिंतपत्रक करतोय: समलिंगी पुरुष एकमेकांना कसे ओळखायचे, तेव्हा आणि आता. बाहेरचं साहित्य भरपूर आहे. लंडनची पोलारी बोली, 1970 च्या दशकातला अमेरिकेतला मागच्या खिशातला रंगीत रुमाल, 1978 चा इंद्रधनुषी झेंडा. आजचंही सोपं आहे, ॲपवर ‘प्लेस आहे का?’ एवढंच पुरतं.

अडलंय ते मधल्या पिढीपाशी. साठी ओलांडलेल्या एका काकांनी सांगितलं, की भुसावळला फलाटावर हातात घड्याळ असलेला माणूस आपल्याला वेळ विचारायला आला, की समजायचं. आणि मग हळूच, ‘आपला शे का?’ (आपला आहे का?) एवढं सांगून ते जे हसले, पुढे काही बोललेच नाहीत.

‘कोती’ (बायकी वळणाचा पुरुष), ‘पंथी’ (त्याचा पुरुषी जोडीदार) माहीत आहेत, ते नकोत. ते देशभर चालतात. मुंबई-पुण्याच्या मित्रांना विचारून झालं, त्यांना अहिराणीतलं काही ठाऊक नाही. काकांना पुन्हा छेडणं मला बरं वाटत नाही.

नावं, आजही चालू असलेले अड्डे कृपया लिहू नका. समलिंगी संबंध गुन्हा नाही, हा कलम 377 चा निकाल 2018 ला लागला असला तरी इथे घरोघरी तो पोचलेला नाही. शब्द, अर्थ, साधारण साल, तालुका एवढं पुरे. मेसेज केलात तरी चालेल.

धुळे, अमळनेर, नंदुरबारकडे 1990 च्या आसपास ‘आपला’सारखा आणखी कोणता अहिराणी शब्द किंवा खूण चालायची?