जखमी कोंबडी आणि पहिला तास : तुमचे अनुभव लिहा

परसदार
काल संध्याकाळी बांधावरून मुंगूस गेलं आणि आमची कावेरी कोंबडी आठवली. भरदुपारी कलकलाट झाला, आई केरसुणी घेऊन धावली, तोवर पाठीची कातडी सोललेली नि पिसं अंगणभर. कोंबडी ओरडतही नव्हती, डोळे अर्धे मिटून नुसती बसलेली. आईने जुन्या लुगड्याचा बोळा जखमेवर दाबून धरला. मी सारखं उचलून बघायला गेलो तर हातावर फटका. मग खोक्यात गोणपाट घालून न्हाणीघरात काळोखात ठेवली. येणारा-जाणारा एकच म्हणे, "रस्सा करा." जगली ती. पुढे अंडीही घातली, पाठीवर मात्र पिसं धड आली नाहीत. तुम्ही काय केलंत ते लिहा, पहिल्या तासातलं खास करून.

गच्चीवरची
आमच्याकडे बोका. वरून काही नाही, पंखाखाली दोन बारीक ठिपके फक्त. सगळे म्हणाले वाचली. दुसऱ्या दिवशी मान टाकली. मांजराच्या दातांतले जंतू आत खोलवर जातात, ठिपका दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा म्हणे.

खादाड_बंडू
रस्सा म्हणणाऱ्यांत मी नक्की असतो. मारू नका :)

बायगो
मुंगसान एकदा कोंबडी बघल्यान काय तां परत येतलांच. खुराड्याक खालसून जाळी मारा आधी, औषध मागसून.

गुरांचा_डॉक्टर
लसीकरण कॅम्पला आहे, जमेल तसं लिहितो. आईने बोळा दाबून ठेवला हे उत्तम, सारखं उचललं की जमलेलं रक्त सुटतं. नख तुटून रक्त येत असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर दाबा. जखम धुवायला लिटरभर उकळून गार केलेलं पाणी नि त्यात ९ ग्रॅम मीठ. पोव्हिडोन आयोडीन असेल तर फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून.
सगळ्यात महत्त्वाचं, छाती आवळून धरू नका. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड खाली-वर झालं तरच हवा आत जाते. प्रेमाने कवटाळलेली कोंबडी हातातच गुदमरते.

गच्चीवरची
बाप रे, हे माहीतच नव्हतं. पाणी चमच्याने पाजायचं का?

गुरांचा_डॉक्टर
नाही! जिभेच्या मागेच श्वासनळीचं तोंड असतं, ओतलेलं पाणी तिकडेच जातं. चोचीचं टोक बुडवा, तिची ती पिईल. आणि गळ्याखालची अन्नाची पिशवी फाटून खाल्लेले दाणे जखमेतून येत असतील तर घरी काही करू नका, टाकेच लागतात. १९६२ ला फोन करा, फिरता दवाखाना आहे.

सांगोल्याची_सून
आमच्या इथल्या दवाखान्यात म्हणाले, कोंबडीसाठी आलात? कापून टाका. म्हशीला तरी असं म्हणतात का?
असो. बाकीच्या कोंबड्यांपासून लांब ठेवा हे कुणी लिहिलं नाही अजून. लाल दिसलं की त्याच टोचतात. आमची एक तलंग कुत्र्याच्या तोंडातून वाचली आणि रात्री खुराड्यात मेली, तिच्याच बहिणींनी आतडी काढली. बरी झाल्यावरही एकदम सोडू नका, मधे जाळी ठेवून आधी ओळख होऊ द्या.

मेलबर्नकर
इथे कोल्हा. रात्री दार लावायचं राहिलं की संपलंच. एकीचा पाय मोडला तर पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी खपच्ची बांधून दिली. बिल बघून सासरे फोनवर म्हणाले, एवढ्यात बोकड आला असता.

खादाड_बंडू
सासऱ्यांशी ओळख करून द्या.

आजीचा_नातू
पावसाळ्यात माश्या! जखम उघडी राहिली की अळ्या पडल्याच. आजी सीताफळाचा पाला वाटून लावायची, अळ्या बाहेर यायच्या. खोक्यावर मच्छरदाणीचा तुकडा टाका.

गुरांचा_डॉक्टर
अळ्या चिमट्याने काढलेल्या बऱ्या. सीताफळाच्या बियांची पूड तर अजिबात नको, डोळ्यात गेली तर डोळा जाईल. तिचा नि तुमचाही.

नवीनच_आहे
माझ्या कोंबडीची मान वाकडी झालीय, गोल गोल फिरते. झाडावरून पडली असेल का? तेल लावू?

गुरांचा_डॉक्टर
लस दिली होती का? मार लागूनही होतं, पण मानमोडी म्हणजे राणीखेत, कोंबड्यांचा साथीचा रोग, वाटतो. तेलाने काही होणार नाही. आधी वेगळी करा. आणखी मरायला लागल्या तर हात न लावता दवाखान्यात कळवा, २००६ ला नवापुरात बर्ड फ्लूने काय झालं ते विसरू नका. पुढच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात राणीखेतची लासोटा लस द्या.

नवीनच_आहे
लस नाही दिली. निघालो दवाखान्यात.

सांगोल्याची_सून
डॉक्टर, औषध चालू असताना अंडी खाल्ली तर चालतात का? सासूबाई टाकू देत नाहीत.

गुरांचा_डॉक्टर
नाही चालत. औषध लिहून देणाऱ्यालाच विचारा किती दिवस थांबायचं. सासूबाईंना माझं नाव सांगू नका.

परसदार
@बायगो जाळी कुठली मारलीत? षटकोनी होती ती गंजून तुटली.

बायगो
अर्ध्या इंचाची वेल्डिंगची. आणि फूटभर जमनीत पुरूची.

परसदार
फूटभर? जांभ्यात? तुम्ही या खणायला, जेवण आमच्याकडे.

खादाड_बंडू
खणायला मी येतो. जेवायला काय आहे?