मदत हवी आहे: ८० झाले की गाडी थरथरते, १०० वर गेली की गुपचूप

सोयाबीनवाला:
राजेहो मदत पाहिजे अन् लवकर पाहिजे. गाडी ८० च्या वर गेली की सारी थरथरते, १०० पार केले की पुन्हा चांगली. अलाइनमेंट करून आणली, पैसे गेले, थरथर तशीच. परवा मायले घेऊन नागपूरले दवाखान्यात जायचं हाय, १०० नं चालवली तं माय ओरडते अन् ७० नं चालवली तं तिथं नंबर जाते. काय असन?

ग्रीसचे_हात:
कोणती गाडी? किती किलोमीटर झाले? टायर कधीचे? थरथर स्टेअरिंगले येते का सीटखाली? ब्रेक मारल्यावर येते का नुसती चालतानाही? एवढं सांगितल्याशिवाय कोणी काय सांगन भाऊ.

समृद्धीवरून_रोज:
नायट्रोजन भरून घ्या. मी भरला तेव्हापासून काहीच टेन्शन नाही. समृद्धीवर कारले १२० ची मर्यादा हाय, तिथं साध्या हवेवर जाऊच नये.

सोयाबीनवाला:
डिझेल हॅचबॅक, २०१६ ची. कंपनीचं नाव घेत नाही, घेतलं की सारे तिच्यावरच भांडत बसतात. टायर चांगले हायेत, नक्षी हाय अजून. थरथर सगळीकडेच येते, सांगितलं ना. मूर्तिजापूरच्या पुढं हायवेले लागलो की सुरू.

वऱ्हाडी_पाहुणा:
मंग रोडच असन तसा, गाडीले काही झालं नाही.

कोथरूडकर:
रोड? अहो, अमरावती-अकोला म्हणजे तोच ना, जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत केलं आणि गिनीजमध्ये नाव गेलं? आणि रोड खराब असता तर १०० ला थरथर गेली नसती, वाढली असती.
मूळ प्रश्नाबद्दल: अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अलाइनमेंट म्हणजे चाकांची दिशा; ती बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एकाच कडेने झिजतो. बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं. ठरावीक स्पीडला थरथर म्हणजे बहुतेक वेळा बॅलन्सिंग. ते केलंय का?

जुनी_अँबेसेडर:
एकच हाय दोन्ही, एकाच दुकानात होते. आम्ही आयुष्यभर गाड्या चालवल्या, बॅलन्सिंगचं नाव नव्हतं. थरथर पाहाची असती तं आमच्या शकुंतला रेल्वेत बसाले पाहिजे होतं, मूर्तिजापूर ते अचलपूर, चहाचा कप हातात धरून दाखवा म्हणा.

वऱ्हाडी_पाहुणा:
काका शकुंतलेत चहा भेटत होता का?

ग्रीसचे_हात:
काका एका दुकानात चड्डी अन् चप्पल दोन्ही भेटते, एक होत नाही.
सोयाबीनवाला भाऊ, सगळीकडे येत असली तरी सुरू कुठून होते ते पाहजो. स्टेअरिंग आधी हललं तं समोरचं चाक, सीट अन् फ्लोअर आधी हललं तं मागचं. फक्त ब्रेक मारल्यावर तं डिस्क. फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर तं अ‍ॅक्सलचा जॉइंट नाहीतं इंजिनचं माउंटिंग. मोकळा सरळ रोड पाहून ८५ वर जरासक न्यूट्रल कर, तरीही थरथरली तं इंजिन सोडून दे, चाकं पाहा. चावी बंद करजो नको, स्टेअरिंग जड होते अन् ब्रेकही. अन् हे कधीपासून? त्याच्या आधी गाडी कुठं नेली होती?

सोयाबीनवाला:
न्यूट्रल केली, तरी थरथरते. आधी स्टेअरिंग मंग सीट. बॅलन्सिंग नाही केलं, अलाइनमेंटवाला म्हणे गरज नाही. सोयाबीन सोंगणीपासून हाय. गाडी कुठं नेणार, वावरात, पोते आणाले, पांदण रस्त्यानं. मधात पाऊस आला तं फसली होती, ट्रॅक्टरनं ओढली. ते तं दरवर्षीचंच हाय बाप्पा, त्यात काय सांगाचं.

ग्रीसचे_हात:
हेच तं सांगाचं होतं! चाक काढ अन् रिम आतून पाह. गारा वाळून दगड झाला असन. बाहेरून धुतल्यानं तो निघत नाही.

जुनी_अँबेसेडर:
मूठभर मातीनं एवढी मोठी गाडी हलते का बा?

गणितमास्तर:
हलते. १४ इंची रिमचा साधा टायर एका फेऱ्यात सुमारे १.९५ मीटर जातो, म्हणजे ८० च्या स्पीडला चाक सेकंदाला ११-१२ वेळा फिरते. रिमच्या कडेला ५० ग्रॅम माती एका जागी चिकटली असली तर ती दर फेऱ्याला साडेचार किलोच्या वजनाएवढी ओढ लावते. आता चाक अन् सस्पेन्शन मिळून स्वतःच सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा हलायच्या बेतात असतात. दोन्हीचा ताल जुळला की थरथर, स्पीड वाढवून ताल चुकला की कमी. पण ओढ १०० वर गेली म्हणून संपत नाही, उलट वाढते, बेअरिंग ती खात राहते. म्हणून १०० नं चालवा हा उपाय नव्हे.

समृद्धीवरून_रोज:
म्हणूनच नायट्रोजन म्हणतो.

गणितमास्तर:
नायट्रोजनचा याच्याशी काय संबंध? आपल्या साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो.

सोयाबीनवाला:
काढलं चाक. समोरच्या उजव्या रिममधून भाकरीएवढी चकती निघाली, पेचकसानं खोदा लागली. स्टेअरिंग आता बरंच शांत. पण सीटखाली ८५ ले अजून हाय. मागच्या रिमा साफ केल्या, तिथं काही विशेष नव्हतं.

कोथरूडकर:
मागच्या टायरच्या आतल्या बाजूवर हात फिरवून बघा, फुगवटा लागतो का. आणि साइडवॉलवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, ते सांगा. पहिले दोन म्हणजे टायर बनला तो आठवडा, पुढचे दोन वर्ष.

सोयाबीनवाला:
१११६ हाय. डाव्या मागच्याले आतून लिंबाएवढं टेंगूळ हाय. पण नक्षी चांगली हाय म्हटलं ना.

ग्रीसचे_हात:
म्हणजे मार्च २०१६, गाडीसोबतचाच टायर. नक्षी गेली खड्ड्यात, आतले धागे तुटले त्याचे. मायले घेऊन त्याच्यावर नागपूर करजो नको, फुटला तं सांगून फुटणार नाही. स्टेपनी लाव.

सोयाबीनवाला:
स्टेपनी साळ्याच्या गाडीले हाय.

जागृत_नागपूरकर:
नागपूरला कोणत्या दवाखान्यात येताय? सकाळी रामदासपेठेत पार्किंग मिळत नाही, गाडी घरी ठेवून बडनेऱ्याहून रेल्वेनंच या.

ग्रीसचे_हात:
मागचे दोन्ही उद्या बदल, एक नको. चारही चाकांचं बॅलन्सिंग करून घे अन् मशीनवर रिम डुलते का तेही पाहाले सांग, ट्रॅक्टरनं ओढताना वाकली असन तं वजनं लावून काही होणार नाही. साइज काय लिहिली हाय टायरवर?

सोयाबीनवाला:
१६५ अन् पुढचं घासून गेलं हाय. फोटो टाकतो. दोन टायरचे कितीक लागतीन, अकोल्यात घेऊ का अमरावतीत?

समृद्धीवरून_रोज:
कुठंही घ्या, नायट्रोजन तिथंच भरून मागा.