शब्दाचा मूळ अर्थ हाच खरा अर्थ मानावा काय?

अल्पविराम (प्रश्न):
नमस्कार. एका हिंदी मजकुराचे मराठी भाषांतर तपासताना ‘शिक्षा’ या शब्दापाशी मी अडलो. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत मात्र दंड. सहा वेदांगांपैकी उच्चारशास्त्राला ‘शिक्षा’ हेच नाव आहे, तेव्हा मूळ अर्थ शिकण्या-शिकवण्याचाच असून मराठीने तो बिघडवला, असे माझ्या एका सहकाऱ्याचे म्हणणे पडले. पुढे काही दिवसांनी एका उर्दू कागदात ‘राजीनामा’ हा शब्द तडजोडीचा करार या अर्थाने आढळला आणि माझा गोंधळ वाढला. मूळ अर्थ बरोबर आणि नंतरचा चुकीचा, असे धरून चालावे काय? शिवाय दोन भाषांतले शब्द सारखे दिसले, तर ते एकाच मुळाचे आहेत हे कशावरून ठरवावे?

कोशकीटक:
आपल्या सहकाऱ्यांना सांगावे की हा ‘बिघाड’ एकट्या मराठीचा नाही. कन्नड, तेलुगू आणि मल्याळम या भाषांतही हा शब्द दंड याच अर्थाने चालतो. अर्थ इथवर कसा आला, हे समजण्यासाठी फार लांब जायला नको. ‘त्याला चांगला धडा शिकवला’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात पाठ्यपुस्तकातला धडा कोणालाच दिसत नाही. शिकवणे, वळण लावणे, त्यासाठी शासन करणे, अशी ती वाट आहे. आणि मूळच शोधायचे, तर संस्कृतापाशी तरी का थांबावे? ‘शिक्ष्’ हे ‘शक्’ धातूचे इच्छार्थक रूप आहे, म्हणजे समर्थ होण्याची इच्छा धरणे. तो अर्थ खरा मानला तर हिंदीतले शिक्षणही चुकीचेच ठरेल!

‘व्यवसाय’ या शब्दाचीही हीच गत आहे. गीतेतल्या ‘व्यवसायात्मिका बुद्धि’ मध्ये त्याचा अर्थ निश्चय असा आहे, मराठीत तो पोटापाण्याचा उद्योग झाला आणि तेलुगूत शेती. यांपैकी कोणालाही आपण चूक म्हणत नाही, कारण ज्या भाषेत शब्द वापरला जातो त्या भाषेतला रूढ अर्थ हाच तिथे प्रमाण असतो.

जुनी दप्तरे:
राजीनाम्याविषयी थोडे सांगतो, कारण तो माझ्या आवडीचा शब्द आहे. ‘राजी’ हा अरबी शब्द, ‘नामा’ म्हणजे फारसीत लेख किंवा कागद. एकूण अर्थ संमतीचा लेख. वाद मिटल्याचे उभय पक्षांनी राजीखुशीने लिहून दिले की तो राजीनामा, आणि उर्दूत तो अर्थ टिकून राहिला. जुन्या मुंबई इलाख्याच्या महसुली व्यवहारात मात्र जमीन सोडणारा कुळवाडी राजीनामा लिहून देई आणि ती जमीन घेणारा कबुलायत. कागदोपत्री ही जोडी नेहमी एकत्र दिसते. आपल्या हक्काची जमीन लेखी सोडण्यापासून आपल्या हातातले पद लेखी सोडण्यापर्यंत फार अंतर नाही, आणि मला तरी हीच वाट सर्वांत सरळ वाटते. गुजराती, कन्नड आणि तेलुगूतही राजीनामा पदाचाच असतो. आजकाल तो ‘घेतला’ जातो तेव्हा देणारा कितपत राजी असतो, हा प्रश्न वेगळा.

ध्वनिवेध:
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: सारखेपणावरून काहीच ठरवू नये. बदनाम, बदफैली यांतला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा उच्चार जवळजवळ एक आणि अर्थही एक, तरी त्यांचे नाते नाही. या फारसी शब्दाचे मध्ययुगीन फारसीतले रूप ‘वद’ असे होते. म्हणजे आज डोळ्यांत भरणारे साम्य पूर्वी नव्हतेच. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबराम नावाच्या आदिवासी भाषेत कुत्र्याला ‘डॉग’ म्हणत, तोही इंग्रजीशी संबंध नसलेला निव्वळ योगायोग.

नाते ठरते ते ध्वनींच्या नियमित जुळणीवरून. संस्कृतात आरंभी ‘प’ असेल तिथे इंग्रजीत ‘फ’ येतो: पितृ आणि फादर, पद आणि फूट. संस्कृत ‘भ’ च्या जागी इंग्रजीत ‘ब’ येतो, जसे भ्रातृ आणि ब्रदर. एखाद्या जोडीने काही सिद्ध होत नाही. तीच जुळणी अनेक शब्दांत पुन्हापुन्हा दिसावी लागते. या कसोटीवर लॅटिन ‘देउस’ हा आपल्या ‘देव’ चा भाऊबंद ठरतो, पण ग्रीक ‘थेऑस’, ज्याचा अर्थही देव असाच आहे, तो ठरत नाही.

अल्पविराम:
सर्वांचे आभार. भाषांतरात ‘शिक्षण’ असाच बदल केला आहे. यावरून एक शंका आली: पोर्तुगिजांकडून आलेला ‘पगार’ आणि इंग्रजी ‘पे’ यांतले साम्यही योगायोगच समजावे काय?

ध्वनिवेध:
नाही, इथे नाते खरे आहे. लॅटिनमध्ये ‘पाकारे’ म्हणजे शांत करणे. शांतता या अर्थाच्या ‘पाक्स’ पासून ते क्रियापद झाले. घेणेकऱ्याला शांत करायचे तर त्याचे देणे चुकते करावे लागते, म्हणून पुढे त्याचा अर्थ पैसे देणे असा झाला. त्याचेच जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत ‘पे’ झाले आणि पोर्तुगीजमध्ये ‘पागार’. पोर्तुगीजमध्ये ते अजूनही क्रियापदच आहे. आपण मात्र त्याचे नाम केले आणि ते देणाऱ्याच्या तोंडून काढून घेणाऱ्याच्या पदरात टाकले.